दुधनीची शांता

सोलापूरहून वाडीकडे जाणारी आगगाडी अक्कलकोट रोड मागे टाकते, आणि मग डब्यातली भाषा हळूहळू बदलू लागते. चढणाऱ्या बाया मराठीत सुरू केलेले वाक्य कानडीत संपवतात आणि त्यांचे त्यांनाही ते कळत नाही. याच वाटेवर दुधनी लागते. गाणगापूरला निघालेले दत्तभक्त या स्थानकावरून जातात, बाजाराला आलेले शेतकरी उतरतात, बाकीचे खिडकीतून पाटी वाचतात आणि पुढे जातात. या गावी १९१६ साली एका स्टेशनमास्तरांच्या घरी एक मुलगी जन्मली. तिचे नाव शांता आपटे. वयाची विशी ओलांडायच्या आत तिचे नाव मराठी मुलखाबाहेरही गेले होते. तिशी ओलांडली तेव्हा ते मागे पडू लागले होते. आणि १९६४ साली ती गेली तेव्हा पन्नाशीही गाठलेली नव्हती.

आमच्या जिल्ह्याला नटीचे कौतुक नाही असे मात्र कोणी म्हणू नये. २०१६ च्या एप्रिलअखेर 'सैराट' लागला तेव्हा इथे जे झाले ते पुष्कळांनी पाहिले आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा दिग्दर्शक, अकलूजची शाळकरी नायिका, आणि पडद्यावर आपल्याच विहिरी, आपलेच ऊस आणि आपलीच बोली! पहाटेचे खेळ लावावे लागले. रिंकू राजगुरू ही तेव्हा पंधरा वर्षांची मुलगी. तिच्या कामाचा राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख झाला, आणि पुढे तिला रोजच्या शाळेत बसणे इतके अवघड झाले की दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी लागली. मी शाळेत शिकवतो. त्या वर्षी आमच्या नववीच्या वर्गात अर्ध्या मुली बुलेट चालवण्याच्या गोष्टी करीत होत्या. मी त्यांना सहज म्हटले, की या जिल्ह्याची पडद्यावर गाजलेली ही काही पहिली मुलगी नव्हे. मुलींनी माना वर केल्या. दुधनीचे नाव सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, तिथे शूटिंग होतं का?" तिचा दोष नाही. पाठ्यपुस्तकात हे नाव नाही, गावातल्या चौकात नाही, आणि आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातही ते आता उरलेले नाही.

शांतेचे गाणे पंढरपूरला घडले. तेथील महाराष्ट्र संगीत विद्यालयात तिने तालीम घेतली. पंढरपूर म्हटले की आपल्याला टाळमृदंग आठवतो. पण ज्या गावी वर्षातून चार वेळा मुलूख लोटतो तिथे गाणाऱ्याला ऐकणारा माणूसही आपोआप मिळतो, हे ध्यानात घेतले पाहिजे. पुढे कुटुंब पुण्यास आले आणि ती गणेशोत्सवात गाऊ लागली. तिचे थोरले बंधू बाबूराव यांचा तिच्या शिक्षणावर आणि पुढे धंद्यावरही करडा अंमल होता. त्या काळी ब्राह्मण घरातल्या मुलीने चारचौघांत गावे, याला कोणीतरी पुरुष पाठीशी उभा असावा लागे. तो पुरुष जितका आधार होई तितकाच पहाराही.

काळ कोणता होता तेही पाहू. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. त्याच १९३१ च्या मार्चमध्ये मुंबईला 'आलम आरा' लागला आणि पडदा बोलू लागला. पडदा बोलू लागल्याबरोबर नटीचे सारे गणितच पालटले. मुक्या पटात चेहरा पुरे होता. आता शुद्ध भाषा हवी, स्पष्ट उच्चार हवे, आणि सर्वांत आधी गळा हवा. दुसऱ्याने गायचे आणि आपण ओठ हलवायचे ही युक्ती अजून यायची होती. कॅमेऱ्यासमोर जो उभा तोच गाणार. बालगंधर्वांच्या नाटकात स्त्री ही पुरुषाने उभी केलेली होती. बोलपटाला ती चालेना. म्हणून १९३१-३२ च्या सुमारास गाणाऱ्या, शिकलेल्या, घरंदाज मुलींचा शोध सुरू झाला. दुर्गा खोटे 'अयोध्येचा राजा'त आल्या. आणि दादासाहेब तोरण्यांच्या सरस्वती सिनेटोनने 'श्यामसुंदर' काढला, त्यात दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी शाहू मोडकांना कृष्ण केले आणि या सोळा वर्षांच्या मुलीला राधा.

'श्यामसुंदर' मुंबईत पंचवीस आठवड्यांहून अधिक चालला. दोन कोवळ्या पोरांनी गाऊन दाखवलेला कृष्ण लोकांनी सहा महिने पाहिला, यात भक्तीचा भाग किती आणि नवलाईचा किती हे ठरवणे कठीण. मला वाटते, लोक आपल्या घरातलीच मुले पडद्यावर पाहायला जात होते. हे सुख रंगभूमीने त्यांना दिलेले नव्हते.

मग प्रभात. १९२९ साली कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांनी काढलेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्याला आली, आणि पुण्यातला तिचा पहिला बोलपट म्हणजे १९३४ चा 'अमृतमंथन'. देवीपुढच्या बळीच्या प्रथेविरुद्ध उभा राहिलेला राजा आणि त्याच्याविरुद्ध कट करणारा राजगुरू अशी कथा. मराठीत केशवराव दाते राजगुरू होते, हिंदीत चंद्रमोहन. हिंदी आवृत्तीतले चंद्रमोहनचे डोळे जुन्या लोकांना शेवटपर्यंत आठवत. शांतेचे काम नायकाच्या बहिणीचे, सुमित्रेचे. काम दुय्यम होते. पण गाणे सुरू झाले की चित्र तिचे होई.

याचे कारण केवळ आवाज नव्हे. आवाज तिच्याहून तयार असलेल्या गायिका त्या काळी होत्या. रंगभूमीवरून आलेला नट पद सुरू झाले की अभिनय थांबवी, पेटीवाल्याकडे एक कान देई आणि समेवर येईपर्यंत खांबासारखा उभा राही. शांता गाताना चालत असे, वळत असे, काम करीत असे. एखाद्या शब्दावर डोळे बारीक करी, एखाद्यावर मान उडवी. गाणे हे तिच्या बोलण्याचाच पुढचा भाग वाटे. संगीतकार केशवराव भोळे भावगीताच्या अंगाने विचार करणारे. शब्दाचा अर्थ स्वरातून निघाला पाहिजे हा त्यांचा हट्ट. त्यांना अशी मुलगी मिळाली आणि तिला असा शिक्षक मिळाला. आज आपण ज्याला गाण्याचे चित्रीकरण म्हणतो त्याची मराठीतली खरी सुरुवात मी इथे मानतो. कोणाला हे म्हणणे जास्तीचे वाटेल; त्यांनी ती जुनी चित्रे पुन्हा पाहावीत.

१९३६ च्या 'अमरज्योती'त दुर्गाबाई चाच्यांच्या राणी झाल्या आणि शांता राजकन्या नंदिनी. त्याच्या पुढच्याच वर्षी 'कुंकू' आला, हिंदीत 'दुनिया न माने'. तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनी केलेला हा बोलपट. मामाच्या घरी वाढलेल्या नीरेला फसवून एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतात आणि ती हे लग्न मनाने, शरीराने, कशानेच मान्य करीत नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नव्हता. देवलांची 'शारदा' १८९९ ची. म्हाताऱ्याशी लागणारे लग्न पाहून प्रेक्षक तेव्हापासून रडत होता. १९२९ साली हरविलास सारडा यांच्या नावाचा बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला, आणि आपल्याकडे लोक त्याला देवलांच्या नायिकेच्या आठवणीने शारदा कायदाच म्हणत राहिले. पण देवलांची शारदा दया मागते. तिला सोडवायला दुसरा कोणीतरी यावा लागतो. नीरा दया मागत नाही. ती नवऱ्याला आरसा दाखवते, सावत्र मुलगा अंगचटीला येऊ पाहतो तेव्हा त्याला चोप देते, घरातल्या आत्याला तोंडावर उत्तर देते, आणि या साऱ्यांत तिच्या चेहऱ्यावर अपराधाची छटाही नसते. केशवराव दात्यांनी तो म्हातारा इतका माणूस म्हणून उभा केला की आपल्याला त्याचीही कणव येते. आणि ती येऊनही आपण नीरेच्याच बाजूला राहतो. एवढा तोल सांभाळणे सोपे नाही. पार्श्वसंगीत मुळीच नाही; जे आवाज ऐकू येतात ते घरातले, रस्त्यावरचे. भिंतीवरचे घड्याळ म्हाताऱ्याच्या काळजासारखे टकटकत असते. त्यातच ती लाँगफेलो या अमेरिकन कवीची एक इंग्रजी कविता गाते. मराठी घरात, नऊवारी जगात, एक मुलगी इंग्रजी कविता तालासुरात गाते हे १९३७ च्या प्रेक्षकाला केवढे धाडसाचे वाटले असेल! १९३८ मध्ये हे चित्र व्हेनिसच्या महोत्सवात दाखवले गेले. त्याच वर्षी 'गोपालकृष्ण'मध्ये ती पुन्हा राधा झाली, आणि या वेळी कृष्ण होते राम मराठे.

इथपर्यंत चढण. मात्र उतरण लोकांना कंटाळून लागली नाही, की गळा बसल्याने लागली नाही. एका मुलीने हिशेब विचारला आणि ती लागली, असे माझे मत आहे.

प्रभात ही कारखान्यासारखी शिस्तीत चालणारी संस्था. नटनटींना महिन्याचा पगार, करार लेखी, कामाच्या वेळा ठरलेल्या. या शिस्तीनेच उत्तम चित्रे निघाली हे खरे. पण करार ज्याच्या कपाटात असतो त्याच्या बाजूने तो वाचला जातो, हे सोलापूरच्या गिरणीतल्या कोणाही माणसाला विचारले तर तो सांगेल. पगाराच्या आणि कराराच्या वादातून १९३९ साली शांता आपटे प्रभातच्या फाटकापाशी उपोषणाला बसली. त्याच वर्षी मार्चमध्ये गांधीजींनी राजकोटला उपवास केला होता, तेव्हा शस्त्र लोकांच्या ओळखीचे होते. पण ते एका नटीने आपल्या पगारासाठी, आपल्या मालकाच्या दारात उचलावे हे कोणाच्या कल्पनेतही नव्हते. पडद्यावरची नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नाही म्हणाली तेव्हा लोकांनी टाळ्या दिल्या. तीच मुलगी कंपनीला नाही म्हणाली तेव्हा लोकांनी चमत्कारिक नजरेने पाहिले. मी शांतारामबापूंच्या कलेचा चाहता आहे. पण या एका प्रसंगात मी फाटकाच्या आत नसून बाहेर आहे, हे सांगून टाकतो.

तिच्याविषयी आणखी एक हकीकत सांगतात. 'फिल्मइंडिया' मासिकाचे संपादक बाबूराव पटेल यांनी तिच्याविषयी काही खवचट लिहिले, तेव्हा ती छडी घेऊन त्यांच्या कचेरीत गेली म्हणतात. ही गोष्ट इतक्यांनी इतक्या रंगांत सांगितली आहे की तिच्यात नीरेने सावत्र मुलाला दिलेला चोपही मिसळला असावा. काही असो, छडीची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांपैकी शंभरातल्या पाचांनाही तिने पुस्तक लिहिले हे ठाऊक नसते.

ते पुस्तक 'जाऊ मी सिनेमात?' १९४० साली निघाले. नावावरून वाटते की हौशी मुलींना दिलेला चार गोड शब्दांचा सल्ला असेल. तसे ते नाही. तिने सिनेमाच्या धंद्याकडे मजुराच्या डोळ्यांनी पाहिले आहे. दिव्यांखाली तासन् तास उभे राहिल्याने येणारा शीण, शरीर आणि मन दोन्ही दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागण्याचा जाच, भांडवल घालणारा आणि राबणारा यांतली दरी, आणि नटीच्या वाट्याला जाहिरातीत येणारे वैभव व प्रत्यक्षात येणारे जिणे, हे सारे तिने लिहिले. चोविसाव्या वर्षी! त्या काळी गिरणीकामगारांविषयी पुष्कळ लिहिले जात होते. पण पडद्यावर गाणारी सुंदर मुलगी हीदेखील कामगार आहे, ही गोष्ट त्या मुलीलाच सांगावी लागली. आपल्या स्त्री आत्मचरित्रांची यादी सांगताना आपण लक्ष्मीबाई टिळकांपासून आरंभ करतो, ते योग्यच आहे. पण त्या यादीत हे पुस्तक क्वचित येते. अलीकडे इंग्रजीत सिनेमाचा अभ्यास करणाऱ्यांनी ते उचलून धरले आहे. मराठीत ते पुन्हा घरोघर जायला हवे होते.

प्रभात सुटल्यावर तिने स्वतःच्या पायांवर हिंडून काम केले. (आता तिला शांताबाई म्हणू. मुलगी होती तोवर एकेरी ठीक होते.) १९४१ मध्ये 'सावित्री' या तमिळ चित्रात त्या नायिका झाल्या, तेही भाषा शिकून. त्यात नारदाचे काम एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी केले. 'कल्की' या नियतकालिकासाठी पैसा उभा करायचा म्हणून त्यांनी पुरुषवेष घेतला होता. दुधनीच्या कानडी-मराठी वेशीवर जन्मलेल्या मुलीला तिसरी भाषा जड गेली नसावी, असा माझा आपला तर्क. १९४२ मध्ये 'अपना घर', त्याच साली लाहोरच्या पंचोलींचा 'जमीनदार'. कामे मिळत होती, नाव होते. पण प्रभातमध्ये एका चित्रामागे संगीतकार, लेखक, दिग्दर्शक सगळे एका छपराखाली वर्ष वर्ष घालवीत. बाहेर ते छप्पर नव्हते. युद्धाने कच्ची फिल्म महाग केली, काळा पैसा धंद्यात शिरला, आणि जुन्या कंपन्या एकेक करून ढासळू लागल्या. १९४२ मध्ये खुद्द शांताराम प्रभात सोडून गेले. १९५३ च्या सुमारास प्रभातही बंद पडली. करारावर भांडायला मालकच उरला नाही, असे म्हणण्याची वेळ आली.

याहून मोठा घाव निराळाच होता आणि तो कोणी मुद्दाम घातला नाही. १९४६ मध्ये मास्टर विनायकांचा 'सुभद्रा' आला. संगीत वसंत देसायांचे. त्यात शांताबाईंनी एका सतरा वर्षांच्या मुलीबरोबर द्वंद्वगीत गायिले. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर. दोन आवाज एकाच तबकडीवर आहेत. ज्याला शक्य असेल त्याने ते ऐकावे. एक आवाज कॅमेऱ्यासमोर उभा राहून, चालून, डोळे फिरवून गाण्यासाठी घडलेला. दुसरा फक्त मायक्रोफोनसाठी. तीनच वर्षांनी, १९४९ मध्ये, 'महल' आणि 'बरसात' लागले, आणि गाणारी वेगळी व दिसणारी वेगळी हा नियम पक्का झाला. सोळाव्या वर्षी ज्या गुणामुळे शांता आपटेला पडद्याने बोलावले, तेहतिसाव्या वर्षी तोच गुण अनावश्यक झाला. नूरजहान पाकिस्तानात गेली, सुरैया काही वर्षे टिकली. बाकीच्या गाणाऱ्या नट्या एकेक करून मागे सरल्या. लताबाईंचा यात काय दोष? त्यांच्याही घरात वडिलांच्या पश्चात खाणारी तोंडे होती आणि त्यांनाही कोवळ्या वयात तोंडाला रंग फासावा लागला होता. यंत्र बदलले की माणसे बदलतात. सोलापूरच्या हातमागवाल्यांना यंत्रमाग आला तेव्हा हेच कळले.

पुढच्या चित्रांची नावे भरभर घेतो. १९४६ चा भालजींचा 'वाल्मिकी', ज्यात पृथ्वीराज कपूर होते आणि नारद झाला होता तरुण राज कपूर. १९४९ मध्ये 'स्वयंसिद्धा', 'जगा भाड्याने देणे आहे', 'शिलंगणाचे सोने'. १९५३ मध्ये 'ताई तेलीण'. पेशवाईच्या पडत्या काळात बापू गोखल्यांच्या फौजेपुढे वासोटा किल्ला लढवणाऱ्या बाईची ती भूमिका, आणि ती त्यांच्याकडे यावी हे मला फार योग्य वाटते. मग पौराणिक चित्रांतली लहानसहान कामे, १९५८ च्या 'रामभक्त बिभीषण'पर्यंत. एकदा कुंकू नाकारणारी नीरा झालेली नटी देवादिकांच्या दरबारात बाजूला उभी, हे दृश्य डोळ्यांपुढे आणवत नाही.

२४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत शांताबाई गेल्या. योगायोग असा की त्याच फेब्रुवारीत पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली, जिथे प्रभातची जुनी चित्रे जपली गेली. म्हणून नीरा आजही पाहायला मिळते. त्यांच्या कन्या नयना आपटे यांनी मराठी रंगभूमीवर आणि पडद्यावर दीर्घ काळ काम केले, आणि त्यांच्यामुळे आपटे हे नाव प्रेक्षकांच्या कानांवर राहिले. पण पुष्कळांना आईचे नाव सांगावे लागते.

कधीकधी वाटते, आमच्या जिल्ह्याने काहीच केले नाही असे म्हणणेही बरोबर नाही. दुधनीत त्यांचे बालपणही धड गेले नाही. स्टेशनमास्तरांच्या घराला गाव कसले? बदलीचा कागद आला की बिऱ्हाड हलते. पंढरपूरने गाणे दिले, पुण्याने नाव दिले, मुंबईने शेवटी एक घर दिले. पण जन्मगाव हे काही उपकाराच्या हिशेबाने ठरत नसते. अकलूजच्या मुलीच्या घरापुढे गर्दी लोटली तेव्हा जिल्ह्यातल्या एखाद्या ग्रंथालयाने 'जाऊ मी सिनेमात?' ची एक प्रत काढून टेबलावर ठेवली असती, तरी त्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना शहाण्या वडीलबहिणीचा शब्द मिळाला असता. करार कसा वाचावा, शीण कसा ओळखावा, आणि नाही केव्हा म्हणावे, हे त्यात एका मुलीने स्वतःच्या अनुभवाने लिहिलेले आहे.

प्रभातच्या त्या आवारात १९६० साली सरकारने चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था काढली, ती आजही आहे. २०१५ च्या जूनमध्ये तेथील विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध संप पुकारला. तो १३९ दिवस चालला, आणि मध्यंतरी काही मुले उपोषणालाही बसली. ती बसली ती त्याच कंपनीच्या जागेत, जिच्या फाटकापाशी १९३९ साली दुधनीच्या स्टेशनमास्तरांची मुलगी बसली होती.